फिटच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या: तासगाव ते मुंबई

आमच्या चिऊचं (हे घरातलं नाव) ऑक्टोबर 2024 मध्ये फिटसाठी मेंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा ती साडेनऊ वर्षांची होती. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले बरेच पालक फोन करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ऑपरेशनबद्दल असतो. ऑपरेशन एका दिवसात आटोपलं. त्याच्या आधीचे महिने आम्हाला जास्त जड गेले, कारण कोणती तपासणी कशासाठी चाललीय हेच सुरुवातीला कळत नव्हतं. एमआरआय झाला तरी परत एमआरआय, मग पेट स्कॅन, मग आणखी वेगळाच एमआरआय. "एवढे फोटो कशाला काढतायत पोरीचे?" असं सासूबाई विचारायच्या आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. आता आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. चिऊला पहिली फिट आली ती चार वर्षांची असताना, पहाटे झोपेत. तोंडाचा उजवा कोपरा ओढला जायचा, लाळ यायची, उजवा हात ताठ व्हायचा आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं थांबायचं. कधी एका रात्रीत चार-पाच वेळा. जरा मोठी झाल्यावर ती सांगायला लागली, "मम्मी, मला ऐकायला येत होतं, पण बोलायलाच येत नव्हतं." हे मी वहीत तसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मूल फिटनंतर जे सांगतं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि जमेल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढा. व्हिडिओ काढताना जीव तुटतो, पण चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा काढलेला एक व्हिडिओ डॉक्टरांना पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, ताईत, सगळं करून झालं होतं. औषधं मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टांची चालू होती. आधी ऑक्सकार्बाझेपिन, मग त्यात लेव्हेटिरासिटाम (त्याने पोरगी इतकी चिडचिडी झाली की शाळेतून तक्रार आली), मग क्लोबाझाम. फिट कमी व्हायच्या आणि दोन-तीन महिन्यांत परत यायच्या. सुरुवातीला काढलेल्या एमआरआयचा रिपोर्ट 'नॉर्मल' होता. फाइलमध्ये तो एक शब्द चार-पाच वर्षं बसून होता आणि आम्हीही मनाची समजूत घातली होती की मेंदूत तर काही नाही.

जानेवारी 2024 मध्ये मिरजेच्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून ह्यांना आणि मला नीट समजावलं. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसतील, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाने त्या पूर्ण थांबतील याची शक्यता कमी असते. फिटच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांचं असंच होतं. "अशा मुलांमध्ये फिट मेंदूच्या एकाच ठिकाणाहून निघते का आणि ते ठिकाण काढता येण्यासारखं आहे का, एवढं तपासून घेऊ. तपासलं म्हणजे ऑपरेशन करायलाच पाहिजे असं नाही." त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. मेंदूचं ऑपरेशन हे शब्दच असे आहेत.

डॉक्टरांनी मुंबईच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. ओपीडीची तारीख मिळाली 20 फेब्रुवारीची, म्हणजे ऐन द्राक्षतोडणीत. हे बागेत अडकलेले, म्हणून माझा भाऊ सोबत आला. सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं आणि घाटकोपरला नणंदेकडे अंघोळ-चहा करून हॉस्पिटल गाठायचं, हे पुढे सवयीचं झालं. प्रवासात झोप मोडते आणि झोप मोडली की फिट येते, म्हणून पर्समध्ये नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे कायम ठेवायचे. पाच मिनिटांपेक्षा जास्त फिट चालली तर तो द्यायचा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी स्प्रेलाच रबराने बांधून ठेवली होती, म्हणजे सोबत कुणीही असलं तरी अडायला नको.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी जुन्या एमआरआयची सीडी मागितली. बऱ्याच जणांकडे फक्त कागदावरचा रिपोर्ट आणि फिल्म असते. सीडी जपून ठेवा, घरी आल्यावर तिची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असतात, कुणी काय लिहिलंय ते नंतर. आमची सीडी बघून ते म्हणाले की हा एमआरआय चांगलाच काढलाय, पण तो नेहमीच्या तपासणीचा आहे. त्यातल्या चित्रांची जाडी पाच मिलिमीटर, मध्ये थोडी फटही. "पेरूच्या जाड फोडी केल्या तर छोटी कीड दोन फोडींच्या मध्येच राहून जाते, तसं समजा." आता 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशिनवर फिटसाठीचा खास एमआरआय करायचा होता, एकेक मिलिमीटरचा, मध्ये फट न ठेवता. ज्यांच्या बाळाचा एमआरआय ते दोन वर्षांचं व्हायच्या आत झालाय त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. त्या वयात मेंदूतल्या तंतूंवरचं पांढरं आवरण पुरतं तयार झालेलं नसतं, त्यामुळे बारीक दोष दिसत नाहीत आणि मोठेपणी एमआरआय पुन्हा करावा लागू शकतो.

त्याच दिवशी मेडिकल सोशल वर्कर मॅडमना भेटलो. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. आम्ही दुसऱ्यात बसत होतो. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा होता. तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, आधार, केशरी रेशनकार्ड हे सगळं घेऊन सेतूत अर्ज केला. अहवालात बागेचं क्षेत्र चुकीचं पडलं होतं, ते दुरुस्त करून घेण्यात तीन आठवडे गेले. मुंबईला निघायच्या आधीच दाखला काढून ठेवलात तर हे तीन आठवडे वाचतील. सवलत खाट घेऊन केलेल्या तपासण्यांना मिळाली. बाहेरून केलेल्या तपासण्यांचे पैसे पूर्ण भरावे लागले, हे आधी विचारून घ्या.

एप्रिलमध्ये, शाळेची परीक्षा उरकून, व्हिडिओ ईईजीसाठी (कॅमेऱ्यासोबत मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) दाखल झालो. डोक्याला दोन डझनांवर तारा चिकटवतात, त्यावर पट्टी बांधतात आणि कॅमेऱ्यासमोर दिवसरात्र ठेवतात. औषधं हळूहळू कमी करतात, म्हणजे फिट यावी. पाच वर्षं ज्या गोष्टीला घाबरले तिची वाट बघत बसायचं होतं. दुसऱ्या रात्री एकामागून एक फिट आल्या. मी बटण दाबलं, सिस्टर धावत आल्या आणि तिला नाव विचारलं, हात वर करायला सांगितला. त्या विचारतात त्यालाही कारण आहे: फिटमध्ये बोलणं कधी थांबतं आणि कधी परत येतं यावरून मेंदूतली जागा ओळखायला मदत होते. बाजूच्या खाटेवर सोलापूरकडचा एक मुलगा होता. त्याच्या एमआरआयमध्ये काहीच सापडलं नव्हतं, म्हणून त्याची स्पेक्ट तपासणी चालली होती. फिट सुरू झाल्याबरोबर काही सेकंदांत किरणोत्सारी इंजेक्शन द्यायचं असतं, म्हणजे त्या क्षणी मेंदूच्या ज्या भागात रक्त जास्त धावतं तिथे ते जाऊन बसतं. एक सिस्टर भरलेली सिरिंज शिशाच्या डब्यात ठेवून त्याच्या उशाशी तासन्‌तास बसून असायच्या. फिट आलीच नाही तर ते औषध वाया. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

चिऊच्या केसांतली चिकट पेस्ट काढायला खोबरेल तेल रात्रभर लावून सकाळी रुंद दातांच्या फणीने विंचरलं. वेण्या लांब होत्या. दाखल होण्याआधी केस कमी केले असते तरी चाललं असतं, पण ती तयार नव्हती आणि मीही जबरदस्ती केली नाही.

त्याच मुक्कामात 3 टेस्लाचा एमआरआय झाला. लहान मुलांना सहसा भूल देतात, पण डॉक्टर म्हणाले की ती न हलता पडून राहिली तर भूल टाळू. दोन आठवडे घरी सराव केला होता. जेवणाच्या टेबलाखाली चटई टाकायची, दोन्ही बाजूंनी चादरी सोडायच्या, मोबाइलवर एमआरआयचा ठकठक आवाज मोठ्याने लावायचा आणि पुतळा होऊन पडायचं. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत नाक खाजवलं. शेवटी शेवटी वीस मिनिटं पडून राहायला लागली, धाकटा भाऊ पाय ओढत असतानाही. भूल लागलीच तर पोट रिकामं हवं म्हणून सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते आदल्या दिवशी लिहून घ्या. आत जाण्याआधी कानातले, पैंजण, केसातल्या टाचण्या, कमरेचा काळा दोरा (त्यात चांदीचा मणी होता) सगळं काढलं. मलाही आत उभं राहायला परवानगी मिळाली, त्यासाठी मंगळसूत्र, जोडवी, हुकचा ब्लाउज बदलून त्यांचा गाऊन घातला. जोडवी निघता निघेना, साबण लावून काढली. तुम्हाला आत थांबायचं असेल तर घट्ट दागिने घरीच काढून या. पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागला. मी तिचा घोटा धरून उभी होते. ती एकदाही हलली नाही.

निकाल सांगायला डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा हे पण आले होते. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. मला नुसता राखाडी मेंदू दिसला, दोन्ही बाजू सारख्याच. मग त्यांनी डाव्या कपाळामागच्या एका घडीवर बाण नेला. बाकी सगळीकडे बाहेरचा करडा थर आणि आतला पांढरा भाग यांच्यामध्ये रेघ स्वच्छ होती. या एका घडीच्या तळाशी ती रेघ पुसट झाली होती, थर जरा जाड होता. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तिथून आतल्या पोकळीकडे जाणारी बारीक पांढरट शेपटी दिसत होती. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. याला फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया म्हणतात. बाळ पोटात असताना मेंदूचा थर घडतो, तेव्हा तेवढ्या जागेतल्या पेशी नीट रचल्या जात नाहीत.

मी विचारलं, ग्रहणात भाजी चिरल्यामुळे असं होतं का? चिऊच्या वेळी मी चिरली होती आणि चार-पाच वर्षं हे मला कुणी ना कुणी ऐकवलं होतं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "पेशींची वाढ सांभाळणाऱ्या जनुकात त्या जागेपुरता बदल होतो, तो पोटातच, आपोआप. तुमच्या खाण्या-चिरण्याचा काही संबंध नाही." हे त्यांनी सासूबाईंनाही फोनवर सांगितलं, मी विनंती केली म्हणून. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

मला वाटलं जागा सापडली, आता ऑपरेशन. पण एमआरआय फक्त तिथली रचना वेगळी आहे एवढंच सांगतो. फिट तिथूनच निघते याला आणखी पुरावा लागतो. ईईजी तिकडेच बोट दाखवत होता. तिसरा पुरावा म्हणून पेट स्कॅन सांगितला. मेंदू साखरेवर चालतो. फिट नसताना दोष असलेला भाग आजूबाजूपेक्षा कमी साखर खातो आणि पेटमध्ये तो फिका दिसतो. तारीख मिळाली 11 जूनची, बाहेरच्या सेंटरवर, खर्च सोळा हजारांच्या आसपास. सहा तास उपाशी, गोड काही नाही, साधं पाणी चालतं. आधी रक्तातली साखर बघतात, मग किरणोत्सारी ग्लुकोजचं इंजेक्शन देऊन अंधाऱ्या शांत खोलीत पडून ठेवतात. त्या वेळी गोष्ट सांगायची नाही, मोबाइल द्यायचा नाही, कारण मूल जे करेल तो भाग जास्त साखर ओढतो. डोक्याला ईईजीच्या तारा होत्या, कारण मध्येच फिट आली तर तो भाग उलट जास्त साखर ओढतो आणि फिका दिसत नाही. शेवटची फिट किती वाजता आली तेही विचारलं. माझ्या वहीत होतं. वेळ मात्र अजिबात चुकवू नका. त्या औषधाचा जोर साधारण 110 मिनिटांत निम्मा होतो, उशीर झाला की तो डोस गेला. दिवसभर भरपूर पाणी प्यायला सांगतात, गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांपासून लांब राहायला सांगतात. नणंदेकडे सहा महिन्यांचं नातवंड होतं, म्हणून आम्ही रात्रीपर्यंत वेगळ्या खोलीत बसलो.

पेट आणि एमआरआय कॉम्प्युटरवर एकमेकांवर ठेवतात. त्याच घडीवर निळसर डाग पडला होता, म्हणजे तिथेच साखर कमी खाल्ली जात होती.

शेवटचा प्रश्न सगळ्यात नाजूक होता: ती जागा काढली तर बोलणं जाईल का? बोलण्याचा भाग बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतो आणि चिऊचा दोष डावीकडे, तिथूनच जवळ. लहानपणापासून दोष असलेल्या काही मुलांत बोलणं उजवीकडे सरकलेलं असतं, म्हणून अंदाजावर न जाता बघावं लागतं. त्यासाठी जुलैमध्ये फंक्शनल एमआरआय. मशिनमध्ये पडून मूल काम करतं, काम करणाऱ्या भागाकडे रक्त जास्त जातं आणि तो भाग उजळतो. स्क्रीनवर एक शब्द येणार, त्याचं काय करतात ते मनात म्हणायचं, ओठ न हलवता; अर्धा मिनिट काम, अर्धा मिनिट विश्रांती. त्यांच्याकडे शब्द हिंदी-इंग्रजीत तयार होते. आमची पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठीतच विचार करणारी. मी सायकॉलॉजिस्ट मॅडमना तसं सांगितलं. त्या लगेच कागद घेऊन बसल्या आणि चिऊला शेजारी घेऊन मराठी यादी केली. चेंडू, झाडू, विळी, भाकरी, कात्री. "द्राक्ष" म्हटल्यावर मॅडमना वाटलं ती "खाणे" म्हणेल, ती म्हणाली "विरळणी" (घडातले जादा मणी काढणं). मॅडमनी तो शब्द काढून टाकला, दोन उत्तरांचे शब्द नकोत म्हणून. एक गोष्टही मराठीत रेकॉर्ड केली, ती ऐकताना कुठे उजळतं ते बघायला. तुमचं मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत ही तपासणी व्हावी असं आग्रहाने सांगा, कुणी वाईट मानत नाही.

त्याच बैठकीत मेंदूतल्या तंतूंच्या वाटा दाखवणारा फोटोही घेतला. दोन्हीचे मिळून चौदा हजार, सवलत वजा जाता. त्याआधी मॅडमनी दोन दिवस बुद्धिमत्ता आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या होत्या.

ऑगस्टच्या शेवटी त्यांची मीटिंग झाली. फिटचे डॉक्टर, सर्जन, रेडिओलॉजिस्ट, न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट सगळे एकत्र बसून एकेका मुलाचं बघतात. पालकांना आत घेत नाहीत. नंतर सर्जननी बोलावलं. बोलण्याचा भाग डावीकडेच उजळला होता, दोषाच्या मागे, मध्ये दीड सेंटिमीटरच्या आसपास अंतर. ईईजी, एमआरआय, पेट तिन्ही एकाच जागेवर येत होते, म्हणून कवटीला बारीक छिद्रं पाडून आत तारा घालायची तपासणी करायची गरज नव्हती. दोष पूर्ण निघाला तर अशा दहा मुलांपैकी सहा-सात जणांच्या फिट थांबतात, असं सांगितलं. उरलेल्या तीन-चार जणांबद्दलही विचारलं. त्यांनी टाळलं नाही: काहींच्या कमी होतात, काहींच्या तशाच राहतात. बोलण्यावर काही दिवस परिणाम होऊ शकतो, कायमचा होण्याची शक्यता कमी पण शून्य नाही. आम्ही आठ दिवस मागून घेतले. ह्यांनी हो म्हटलं आधी, मी नंतर.

तारीख ऑक्टोबरची मिळाली, फळछाटणीत. दिरांनी बाग बघितली. आदल्या दिवशी डोक्यावर गोल स्टिकर लावून आणखी एक एमआरआय झाला. ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातातलं टोक मेंदूत नेमकं कुठे आहे ते त्या फोटोंवर दिसतं. आतापर्यंतचे सगळे फोटो त्याच कॉम्प्युटरमध्ये घातले होते, बोलण्याच्या भागासकट. मग मला कळलं की एवढे फोटो कशाला.

पाच तास लागले. पहिले तीन-चार दिवस चिऊ शब्द शोधत बोलायची, पाणी मागायला वेळ लागायचा. आठवड्याच्या शेवटी भावाशी फोनवर भांडली. काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत डिस्प्लेजियाच निघाला, त्यातला टाइप टू बी हा प्रकार. जानेवारी 2025 च्या एमआरआयमध्ये ती पांढरी शेपटी नाही. आजपर्यंत फिट आलेली नाही. औषधं मात्र तशीच चालू आहेत, कमी करायचं की नाही ते पुढच्या ईईजीनंतर ठरेल आणि एकही डोस चुकवायचा नाही असं बजावलंय.

पुढची तारीख मे महिन्यातली आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, म्हणून तलाठ्याकडे नवीन अहवाल आताच मागितलाय आणि या वेळी बागेचं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून घेतलंय.